बी फॉर्म भरला की आग लागत नाही

जुलै आला की रुग्णालयांत डेंग्यूबरोबर फायर सेफ्टीचीही साथ येते. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानं दर जानेवारी आणि जुलैला 'आमची आगीची यंत्रणा ठणठणीत आहे' असं लिहून द्यावं लागतं. तोच आपला बी फॉर्म. त्यामुळे वर्षातून दोनदा भिंतीवरच्या लाल सिलिंडरवरची धूळ पुसली जाते.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे मॉक ड्रिल झाली. नाइट संपवून मी घरी निघाले होते, तर 'फोटोत सिस्टर कमी दिसतायत' म्हणून मला थांबवून घेतलं. डोळे मिटत असताना जे ज्ञान मिळालं ते एकटीकडे ठेवणं बरं नाही. नवीन रुग्णालय काढत असाल तर लिहून घ्या.

ड्रिल सकाळी साडेअकरालाच घ्या. राउंड आटोपलेला असतो आणि चहा यायचा असतो. आदल्या दिवशी ग्रुपवर कळवून ठेवा, नाहीतर लोक घाबरून खरंच पेशंट हलवायला लागतील. भंडाऱ्याच्या नवजात कक्षात आग मध्यरात्रीनंतर लागली. विरारच्या आयसीयूत पहाटे तीनच्या पुढे, मुंब्र्यातही पहाटेच. या आगींना ड्रिलची वेळ कुणी कळवली नसावी.

आग पार्किंगमध्ये लावा, पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल ओतून. ती एचआरच्या सरांनी विझवायची आणि मावशींनी टाळ्या वाजवायच्या. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा, हे सगळं लांबूनच बघायचं. सिलिंडर मावशींच्या हातात दिला तर रिफिलचा खर्च येतो.

सूचनांचं पोस्टर इंग्रजीत आणि स्टोअररूमच्या आत लावा.

दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात नसेल तर सिलिंडर भिंतीकडे तोंड करून टांगा.

ऑक्सिजन बंद करायच्या व्हॉल्व्हच्या पेटीवर औषध कंपनीचं कॅलेंडर छान बसतं.

एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडा. एसी वर्षानुवर्षं चोवीस तास चालू ठेवा. बोर्डाजवळ जळका वास आला तर रूम फ्रेशनर मारा. मेंटेनन्सला फोन केलात तर ते विचारतात, "मशीन चालू आहे ना? मग सकाळी बघतो."

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपत्कालीन दरवाजा. त्याला कुलूप लावा. त्याशिवाय पेशंट बिल न भरता पळतात, नातेवाईक मागून डबा घेऊन वर येतात. किल्ली सिक्युरिटीच्या सुपरवायझरकडे ठेवा, तो संध्याकाळी सहाला घरी जातो. दरवाजामागच्या जिन्यात मोडके बेड, एका चाकाची व्हीलचेअर, सलाइनचे खोके आणि जनआरोग्य योजनेच्या जुन्या फायली ठेवा. जागा फुकट का घालवायची? पॅसेजमधला धूर अडवणारा दरवाजा आपोआप बंद होताना धाडकन वाजतो, म्हणून त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर लावून उघडा ठेवा. हो, ऑक्सिजनचाच. आमच्याकडे मी रोज रात्री तो बाजूला करते आणि रोज सकाळी तो परत तिथेच असतो. विचारलं तर म्हणतात, "सिस्टर, डॉक्टरांना जाता-येता त्रास होतो." आणि धुराचा त्रास? कोलकात्याच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २०११ च्या डिसेंबरात आग तळघरात लागली होती. सुमारे नव्वद माणसं गेली, बहुतेक सगळी वरच्या मजल्यांवर गुदमरून. ज्वाळा त्यांच्या बेडपर्यंत आल्याच नव्हत्या. तो दरवाजा मिटलेला असेल तर आम्ही पेशंट त्याच मजल्यावर पलीकडच्या वॉर्डात ढकलून थोडा वेळ मिळवू शकतो. उघडा असेल तर उरतो जिना, आणि जिन्यात तुमच्या फायली! व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट हलवायला एक जण हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबायला लागतो, एक औषधाचा पंप सांभाळायला, दोघं बेड ओढायला. रात्री आयसीयूत आम्ही किती असतो ते तुम्हीच ड्युटी लिस्टवर लिहिता. दोन सिस्टर, एक मामा. मामा बहुतेक वेळा रक्ताची पिशवी आणायला गेलेला. सांगा ना, कोणता पेशंट आधी न्यायचा? कोणता ठेवून जायचा? याचं पोस्टर कुठे लावलंय तुम्ही?

उपरोध पुरे झाला.

भंडाऱ्यात २०२१ च्या जानेवारीत दहा बाळं गेली. मग राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला मॉलमधलं रुग्णालय पेटलं. एप्रिलमध्ये नागपूर, मग विरार, जिथे त्याच दिवशी तेरा जण गेले, मग मुंब्रा. नोव्हेंबरात नगरच्या सरकारी रुग्णालयात अकरा. भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरला चौघींना अटक झाली, एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. सिव्हिल सर्जन निलंबित झाले, हेही खरं. ड्युटीवर चूक झाली असेल तर आमची चौकशी जरूर करा. पण बोर्ड तापतोय म्हणून मी रजिस्टरमध्ये लिहिते, इन्चार्ज सही करते, आणि ते पान कोणत्या टेबलावर जाऊन झोपतं त्याचीही चौकशी करा. किल्ली घरी घेऊन जाणाऱ्याची करा. न बघता बी फॉर्मवर शिक्का मारणाऱ्या एजन्सीची करा.

आणि साहेब, तुम्हाला सरळच सांगते. ते कुलूप आजच्या आज काढा आणि आतून ढकललं की उघडेल अशी दांडी बसवा. पेशंट पळाला तर बिल बुडेल, त्यानं कुणी मरत नाही. जिना रिकामा करा. ड्रिल रात्री दोनला घ्या, न सांगता, आणि तुम्ही स्वतः हजर राहा. मावशींच्या हातात सिलिंडर देऊन एकदा खरा फवारा मारू द्या. पैसे नाहीत म्हणू नका. रिसेप्शनमधल्या काचेवरून पाणी सोडणाऱ्या त्या धबधब्याचा पंप दिवसरात्र चालतो. आगीच्या पाइपचा पंप मात्र 'लाइन गळते, सारखा सुरू होतो' म्हणून तुम्ही बंद करून ठेवलाय. तो आधी चालू करा.