"एडी तसाही नशेडी होता" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं. रेसलिंगच्या पेजेसवर बरेच दिवस तेच फिरतंय. त्यात म्हटलंय की डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये (ती अमेरिकन रेसलिंगची टीव्ही कंपनी) सगळं लिहिलेलंच असतं मग मेलेल्या माणसावरून स्टोरी केली म्हणून रडायचं काय, घरच्यांना विचारूनच करतात, रेसलर एडी गरेरो तसाही नशेडी होता आणि स्वतःच्या कर्माने गेला, त्याच्या नावावरच दुसरा रेसलर रे मिस्टेरिओ चॅम्पियन झाला, आणि शेवटी ते नेहमीचं, पटत नसेल तर बघू नका. भाचा अकरावीत आहे, एडी गेला तेव्हा जन्मलाही नव्हता, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच ग्रुपवर माझा दादा आहे, सहा वर्षांपूर्वी दारू सोडलेला. त्याने ते वाचलं, ग्रुपवर काही लिहिलं नाही, साडेअकराला मला फोन केला आणि विचारलं, "मी गेल्यावर माझ्याबद्दलपण हेच म्हणतील का रे?"

म्हणून हे लिहितोय.

आधी ते स्क्रिप्टचं. माहितीये आम्हाला, अंडरटेकरला गाडलेला आणि परत उठलेला बघत मोठे झालोय, निकाल आधी ठरतो हे शाळेत असतानाच कळलं होतं. पण १३ नोव्हेंबर २००५ ला मिनियापोलिसच्या हॉटेलात एडी बाथरूममध्ये पडलेला सापडला, पुतण्या चावोला सापडला, ते कुठल्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ३८ वर्षांचा माणूस, मागे बायको आणि तीन मुली. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या रेसलरला वरून दोरीवर सोडताना अंगाला बांधलेला हार्नेस सुटला, तो रिंगमध्ये पडून गेला आणि कंपनीने शो पुढे चालूच ठेवला, तेही कोणी लिहिलेलं नव्हतं. मॅच खोटी असते हो, मरण खोटं नसतं.

आता त्या नशेडी शब्दाबद्दल, कारण सगळ्यात घाण मुद्दा हाच आहे.

एडीला दारू आणि गोळ्यांचं व्यसन होतं, हे खरं. त्याने ते कधी लपवलं नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, कंपनीने काढून टाकलं, संसार मोडायची वेळ आली. तिथून तो सुधारला, छोट्या छोट्या शोमध्ये राबला, २००२ मध्ये परत आला, आणि १५ फेब्रुवारी २००४ ला ब्रॉक लेस्नरला हरवून चॅम्पियन झाला. त्या मॅचच्या आधी लेस्नरने त्याला व्यसनावरूनच टोचलं होतं, आणि एडीने माईक हातात घेऊन स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, काय गमावलं, कसा परत उभा राहिला. तीही स्टोरीलाइनच होती ना? तिथे कोणाला खटकलं नाही, कारण उत्तर द्यायला एडी स्वतः उभा होता. तो गेला तेव्हा चार वर्षं दारूला शिवलेला नव्हता. आधीच्या वर्षांनी हृदय खराब केलं होतं, ते मान्य, पण तो सुटलेला माणूस होता, आणि त्याला नुसतं नशेडी म्हणणं म्हणजे ती चार वर्षं पुसून टाकणं.

आणि मग काय केलं या कंपनीने? जानेवारी २००६ मध्ये रे मिस्टेरिओ दोन नंबरवर येऊन तासाभरापेक्षा जास्त टिकला आणि एडीच्या नावाने रॉयल रंबल (एकामागून एक तीस रेसलर उतरतात ती मॅच) जिंकला. पुढच्याच महिन्यात, एडीला जाऊन जेमतेम तीन महिने, रँडी ऑर्टन या रेसलरने रेच्या तोंडावर सांगितलं की एडी वर स्वर्गात नाही, खाली नरकात आहे. आम्ही ते टेन स्पोर्ट्सवर बघितलं, मी आणि दादा, ताटं पुढ्यात होती. दादा जेवण तसंच टाकून गॅलरीत गेला. त्याचं पिणं तेव्हा नुकतं सुरू झालं होतं, आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. हीलचं, म्हणजे खलनायकाचं, काम राग आणायचं असतं हे मला कळतं, पण मला राग ऑर्टनचा आला नाही, ती ओळ लिहून देणाऱ्याचा आला. त्याच महिन्यात कंपनीने रेसलर्सच्या ड्रग टेस्टचा नवीन कार्यक्रम जाहीर केला होता, एडीच्या मरणानंतर. म्हणजे काय घडलंय ते त्यांना नीट कळत होतं.

परवानगीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. एडीची बायको व्हिकी गरेरो आणि चावो दोघंही पुढे त्याच स्टोरीत टीव्हीवर होते, हे नाकारता येणार नाही. पण नेहमी विचारूनच करतात? जुना रेसलर रिक फ्लेअरचा मुलगा रीड २०१३ मध्ये ड्रग्जमुळे गेला, २५ वर्षांचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉ या साप्ताहिक शोवर पेज या रेसलरने रिकची मुलगी शार्लटला तिच्या त्याच भावावरून हिणवलं, आणि रिक फ्लेअरने नंतर स्वतः सांगितलं की आपल्याला आधी कोणी काही कळवलंच नव्हतं. बाप सांगतोय, अजून काय पुरावा पाहिजे. रेसलर्सचंही तेच, डीन अँब्रोजने कंपनी सोडल्यावर २०१९ मध्ये सांगितलं की रोमन रेन्सच्या कॅन्सरवरून बोलायला त्याला एक ओळ दिली होती, त्याने नकार दिला म्हणून ती गेली.

रेला चॅम्पियन केलं म्हणे. रेसलमेनियाला, कंपनीच्या सगळ्यात मोठ्या शोला, जेमतेम नऊ मिनिटांची मॅच दिली, आणि बेल्ट दिल्यावर मे महिन्यात खलीकडून त्याला लोळवला. खली आपला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, पण एडीच्या नावाने जिंकलेल्या माणसाची अशी गत करायची होती तर नाव घेतलं कशाला?

आणि बघू नका म्हणणाऱ्यांना, आम्ही वीस वर्षांपेक्षा जास्त बघतोय, म्हणूनच बोलतोय.

भाच्या, ते फॉरवर्ड ग्रुपवरून काढ आणि मोठ्या मामाला फोन कर. रविवारी ये, तिघं बसून लेस्नरची ती मॅच बघू, आधीच्या प्रोमोसकट, म्हणजे त्या माईकवरच्या बोलण्यासकट.