जाळीवर चिकटपट्टी लावण्याआधी

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर काही दिवसांपासून 'हायब्रिड घेणाऱ्यांनो, सावधान' असा एक निरोप फिरतो आहे. (हायब्रिड म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोहोंवर चालणारी गाडी.) त्याचा गोषवारा असा : निकेलची बॅटरी हा जपानने टाकून दिलेला माल असून तो आपल्या गळ्यात मारला जातो; ती तीन वर्षांत संपते; तिला 'सवय' लागू नये म्हणून महिन्यातून एकदा ती पूर्ण उतरवावी; सीटजवळच्या जाळीतून धूळ आत जाते, तेव्हा ती जाळी चिकटपट्टीने बंद करावी; आणि बॅटरी लिथियमची असेल तर ती पेट घेते. एरवी असले निरोप मी वाचून सोडून देतो. परंतु नाशिकच्या मामांनी खरोखरच जाळीवर तपकिरी चिकटपट्टी लावली आणि कसारा घाट चढताना पॅनेलवर बॅटरी थंड ठेवण्याच्या यंत्रणेबद्दल सूचना उमटली, तेव्हा त्यांनी मला फोन केला. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

जाळीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे केवळ चुकीचे आहेत, हा मात्र गाडीचे नुकसान करणारा आहे. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे काम गाडीतलीच हवा करते. एक छोटा पंखा एसीने गार झालेली हवा त्या जाळीतून ओढून सेलवरून फिरवतो. जाळी झाकली की बॅटरीचे तापमान वाढते, मग गाडीचा संगणक बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून निघणारा प्रवाह कमी करतो, इंजिनावर जास्त भार येतो आणि ज्या मायलेजसाठी जादा पैसे मोजले तेच घसरते. असे महिनोन् महिने चालले तर सेलचे आयुष्यही घटते. उष्णता निकेललाही सोसत नाही आणि लिथियमलाही नाही. धुळीची भीती अगदीच खोटी नाही, हे मान्य करतो. जाळीमागचे फिल्टर धुळीने, विशेषतः घरात कुत्रा असेल तर त्याच्या केसांनी, चोंदते. त्यावर उपाय म्हणजे ते ठरावीक काळाने साफ करणे, आणि गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत तो लिहिलेला असतो. त्याच पुस्तिकेत जाळीसमोर सामान ठेवू नका असेही बजावलेले असते. धूळ जाऊ नये म्हणून नाक दाबून धरण्याचा सल्ला कोणी देत नाही, मग बॅटरीलाच तो का?

महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. कॉर्डलेस फोन वापरलेल्या पिढीच्या मनात तो अजून घर करून बसलेला दिसतो. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरली की बॅटरीची क्षमता घटते, हीच ती 'सवय'. हायब्रिडमधल्या निकेल-मेटल हायड्राइड (निरोपातली 'निकेलची' ती हीच) बॅटरीला हा त्रास फारच थोडा, आणि गाडीत तर तो सल्ला पाळणेही अशक्य आहे. संगणक तिला मधल्या पट्ट्यातच ठेवतो. पूर्ण भरू देत नाही, पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. एसी लावून गाडी उभी ठेवली तरी चार्ज ठरावीक पातळीखाली जाताच इंजिन आपोआप सुरू होते. निरोप लिहिणाऱ्याने हा प्रयोग स्वतः एकदा तरी करून पाहायला हवा होता.

तीन वर्षांच्या दाव्याविषयी एकच दाखला पुरेसा आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-चाचणी संस्थेने 2011 मध्ये 2002 सालची एक टोयोटा प्रियस ही हायब्रिड गाडी तपासली. ती दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरांपेक्षा जास्त धावलेली होती आणि तिची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडचीच होती. संस्थेने दहा वर्षांपूर्वी जवळजवळ कोरी असताना तपासलेल्या प्रियसशी तिची तुलना केली, तेव्हा इंधनाच्या खर्चात नगण्य फरक आढळला. भारतात टोयोटा आणि होंडा हायब्रिड बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, आणि तीन वर्षांत संपणाऱ्या वस्तूला आठ वर्षांची हमी देण्याइतके हे कारखानदार भोळे नाहीत. मग 'तीन वर्षे' आली कुठून? माझा तर्क असा की, तीन-चार वर्षांत बदलावी लागते ती 12 व्होल्टची साधी बॅटरी. ती उतरली तर मोठी बॅटरी ठणठणीत असूनही हायब्रिड सुरू होत नाही, आणि गावभर बातमी होते की हायब्रिडची बॅटरी गेली.

आता 'टाकून दिलेला माल'. निकेलचे तंत्रज्ञान जुने आहे, जड आहे आणि तेवढ्याच वजनात लिथियमपेक्षा कमी ऊर्जा साठवते, इतके या मुद्द्यात खरे आहे. टोयोटाही अलीकडे बऱ्याच गाड्यांत लिथियमकडे वळली आहे. पण चौथ्या पिढीची प्रियस एकाच वेळी काही गाड्यांत निकेल, तर काहींत लिथियम अशी विकली गेली. निकेलचा संच सुमारे 40 किलोचा आणि लिथियमचा सुमारे 25 किलोचा होता. त्याच प्रियसच्या चारही चाके ओढणाऱ्या अमेरिकी आवृत्तीत कडाक्याच्या थंडीचा विचार करून मुद्दाम निकेल घेतले गेले. पुढे 2021 मध्ये टोयोटाने जपानमध्येच विकल्या जाणाऱ्या नव्या ॲक्वा या छोट्या हायब्रिडसाठी बायपोलर रचनेची (एकाच पत्र्याच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण टोक असलेली) निकेल बॅटरी आणली, जी आधीच्या ॲक्वाच्या बॅटरीच्या सुमारे दुप्पट शक्ती देते. टाकून दिलेल्या वस्तूवर कोणी असा खर्च करत नाही.

हा गोंधळ होतो तो हायब्रिडला इलेक्ट्रिक गाडीच्या मापाने मोजल्यामुळे. टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत 30 युनिट वीज मावत असे, तेच आपल्या वीजबिलावरचे युनिट. हायब्रिडच्या बॅटरीत मावते एक युनिटच्या आसपास. तिने लांब पल्ला गाठायचा नसतो. ब्रेक दाबताच निर्माण होणारी वीज क्षणात गिळायची आणि सिग्नल सुटताच क्षणात परत द्यायची, एवढेच तिचे काम, आणि ते दोन्ही बॅटऱ्या चोख करतात. टोयोटाच्याच दोन हायब्रिड गाड्या पाहा : इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल आहे, अर्बन क्रूझर हायरायडरमध्ये लिथियम. या दोहोंतून निवड करताना घरात माणसे किती, पार्किंगला जागा किती आणि खिशात पैसे किती हे पाहावे. बॅटरीचे नाव त्या यादीत फार खाली येते.

आगीबद्दल थोडक्यात : निकेलच्या बॅटरीतला द्रव पाण्यात विरघळलेल्या क्षाराचा असल्याने तो पेट घेत नाही, लिथियमच्या बॅटरीतला द्रव ज्वलनशील असतो, हे खरे. पण निरोपाला ई-स्कूटरच्या आगीची चित्रे चिकटवून हायब्रिड मोटारीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मामांनी चिकटपट्टी काढली आहे. तिचा डिंक जाळीच्या भोकांत अडकून राहिला असून तो ओल्या फडक्याने निघत नाही, म्हणून फिल्टरसकट जाळी उतरवून साफ करून घ्यायला त्यांना वर्कशॉपमध्ये जावे लागणार आहे.