शिजियाझुआंगमधली दोन माणसं

मी मूळची सोलापूरची. त्यामुळे चीनच्या हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहराचं नाव मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. जपानविरुद्धच्या युद्धात चीनला जाऊन जखमींवर उपचार करणाऱ्या आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथे आहे. घरात चीनचा विषय निघाला की आधी कोटणीस आणि मग १९६२, हा क्रम ठरलेला.

गेले काही महिने मात्र हे नाव ऐकलं की मला त्याच शहरातला दुसरा माणूस आठवतो. शू चिनशियान. १९८९ मध्ये ते चिनी सैन्याच्या ३८व्या आर्मीचे कमांडर होते. राजधानीपासून जवळ, बाओडिंगला तळ असलेली ही नावाजलेली फौज. त्या मे महिन्यात बीजिंगचा तिएनानमेन चौक लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी भरला होता आणि शू मूतखड्याच्या दुखण्यानं बीजिंगमध्ये दवाखान्यात होते. तिथून त्यांना बोलावून तोंडी हुकूम दिला गेला, की हत्यारबंद सैनिक घेऊन राजधानीत या. शूंनी सांगितलं, हुकूम मी खाली कळवतो, पण या कामाचं नेतृत्व मी करणार नाही.

त्यांना अटक झाली, लष्करी कोर्टात खटला चालला, पक्षातून काढून टाकलं आणि पाच वर्षांची कैद झाली. पुढचं आयुष्य शिजियाझुआंगमध्ये गेलं. जानेवारी २०२१ मध्ये ते तिथेच वारले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या खटल्याची जवळपास सहा तासांची चित्रफीत इंटरनेटवर आली. मला चिनी येत नाही. भाषांतर झालेले उतारे शेजारी ठेवून मी तिचा बराच भाग पाहिला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. जनतेवर सैन्य धाडायचा निर्णय एवढा मोठा आहे, तर त्यावर संसदेच्या, सरकारच्या पातळीवर चर्चा व्हायला हवी होती, अशा अर्थाचं शू त्या कोर्टात सांगत होते. वरवर पाहता साधी गोष्ट. आपल्याकडे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही सापडेल. पण चीनमध्ये हा प्रश्न विचारणंच गुन्हा ठरतो, कारण चीनचं सैन्य चीन देशाचं नाहीच. ते कम्युनिस्ट पक्षाचं आहे.

हे मी रागानं म्हणत नाहीये, ती तिथली व्यवस्था आहे. पीपल्स लिबरेशन आर्मी (पीएलए), म्हणजे चिनी सैन्य, आपला स्थापना दिन १ ऑगस्टला पाळते, १९२७ च्या नानचांग उठावाचा दिवस. चीनचं आजचं प्रजासत्ताक जन्मलं १९४९ मध्ये. म्हणजे सैन्य देशाच्या या राज्यापेक्षा २२ वर्षांनी मोठं! प्रत्येक मोठ्या तुकडीत कमांडरच्या बरोबरीच्या अधिकाराचा एक राजकीय कमिसार, म्हणजे पक्षाचा अधिकारी, असतो आणि महत्त्वाचे निर्णय त्या तुकडीतली पक्षसमिती घेते. १९८२ च्या राज्यघटनेत देशाचं म्हणून एक केंद्रीय लष्करी आयोग, म्हणजे सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व, आला खरा. पण पक्षाचंही त्याच नावाचं आयोग आहे आणि दोन्हीकडे माणसं तीच. सैन्य पक्षाऐवजी राष्ट्राचं असावं, हा विचार लष्कराची मुखपत्रं वर्षानुवर्षं घातक म्हणून झोडपत आली आहेत.

बंदुकीच्या नळीतून सत्ता जन्मते, हे माओचं वाक्य आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या लगतचं वाक्य फारसं कुणी सांगत नाही: बंदुकीवर हुकूम पक्षाचा चालेल, बंदुकीचा हुकूम पक्षावर कधीच चालता कामा नये. हे माओ १९३८ च्या नोव्हेंबरात बोलले. पुढच्या फेब्रुवारीत कोटणीस यानानला, कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोचले.

कोटणीस ज्या आठव्या रूट आर्मीत काम करत होते, ती तेव्हा कागदोपत्री चीनचे तेव्हाचे सत्ताधारी च्यांग काय-शेक यांच्या राष्ट्रीय सैन्याचा भाग होती. प्रत्यक्षात ती ऐकायची पक्षाचं. तिच्याच परंपरेतून आजची पीएलए उभी राहिली. मला हे नीट समजायला वयाची चाळिशी उलटावी लागली. कोटणीसांबद्दलचा माझा आदर त्यानं तसूभरही कमी झाला नाही. जपान्यांशी लढणाऱ्या जखमी पोरांना वाचवताना हा तरुण ३२ व्या वर्षी गेला, त्याच्या कामाला कुठल्याही व्यवस्थेचा डाग लागत नाही. पण चिनी नेते भारतात येतात, कोटणीस कुटुंबीयांना भेटतात, फुलं देतात, तेव्हा त्या मैत्रीच्या गोष्टीवरून आपण चिनी सैन्याकडे बघू लागलो तर फसतो.

आता आजचं बघा. २०२२ मध्ये क्षी जिनपिंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचं केंद्रीय लष्करी आयोग नेमलं गेलं. त्यातले संरक्षणमंत्री ली शांगफू २०२३ मध्ये पदावरून गेले. पुढच्या जूनमध्ये त्यांना आणि त्यांच्या आधीचे मंत्री वेई फेंगह यांना भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पक्षातून काढलं. १७ ऑक्टोबर २०२५ ला एकदम नऊ वरिष्ठ अधिकारी बडतर्फ झाल्याचं जाहीर झालं, त्यात आयोगाचे उपाध्यक्ष ह वेईदोंग. आणि जानेवारी २०२६ मध्ये चौकशी जाहीर झाली ती थेट चांग योशिया यांची. १९७९ च्या व्हिएतनाम युद्धात प्रत्यक्ष लढलेला, आयोगातला क्षींच्या खालोखालचा माणूस. लष्कराच्या वृत्तपत्रानं त्यांच्यावर मुख्य ठपका काय ठेवला? अध्यक्षांच्या सर्वोच्च अधिकाराची व्यवस्था पायदळी तुडवली. याच काळात आयोगातले आणखी दोघे कारवाईत अडकल्यानं सातांमधले दोघेच उरले, क्षी आणि आणखी एक.

आपल्या वाहिन्यांवर या बातम्या आनंदानं चालवल्या गेल्या. चिनी सैन्य आतून पोखरलंय, आता काय लढणार वगैरे. मला हा आनंद अजिबात पटत नाही. नऊ अधिकारी काढल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, फुजियान ही तिसरी विमानवाहू नौका चिनी नौदलात दाखल झाली. आफ्रिकेतल्या जिबूतीचा चिनी तळ २०१७ पासून चालू आहे. कारखाने, गोद्या, तिबेटमधले रस्ते जनरलांच्या गच्छंतीनं थांबत नाहीत. थांबतं ते वेगळंच काही. वरच्या माणसाला ‘साहेब, हे चुकतंय’ असं सांगणारा माणूस उरत नाही. ज्यानं युद्ध पाहिलंय त्यालाच ते सांगता येतं, आणि नेमका तोच आता खोलीत नाही. मला याची भीती वाटते. तैवानमधल्या लोकांसाठी वाटते आणि लडाखमध्ये उभ्या असलेल्या आपल्या पोरांसाठीही.

लडाखचं तर उदाहरणच आहे. ६ जून २०२० ला दोन्ही बाजूंचे कमांडर भेटले, मागे हटायचं ठरलं. नवव्या दिवशी गलवानमध्ये कर्नल संतोष बाबूंसह आपले २० जण गेले. त्यानंतरही कोअर कमांडर पातळीवर बैठकी होत राहिल्या, फेब्रुवारी २०२४ पर्यंत २१ फेऱ्या. डेपसांग आणि डेमचोकचा तिढा सुटला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, रशियात कझानला मोदी आणि क्षी भेटण्याच्या अगदी तोंडावर. आपल्या अधिकाऱ्यांनी त्या बैठकांमध्ये घेतलेल्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण समोर बसलेल्या चिनी जनरलच्या शब्दाला त्याचं स्वतःचं वजन नसतं, ते वरून येतं आणि वरूनच काढून घेतलं जातं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून चीनवर लक्ष ठेवायचं तर रणगाडे आणि जहाजं मोजण्याइतकाच वेळ पक्षाच्या बैठकांना द्यावा लागेल. कोण गैरहजर होतं, कुणाचं नाव यादीतून गळलं, मुखपत्रानं कुठला शब्द वापरला. हे वाचू शकणारी, चिनी भाषा येणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. कोटणीस चिनी लिहायला-बोलायला शिकले होते, तेही युद्ध चालू असताना.

शिजियाझुआंगला जायची माझी इच्छा जुनी आहे. कोटणीसांच्या समाधीवर फुलं वाहायची आहेतच. शू चिनशियान कुठल्या गल्लीत राहायचे, हे मात्र तिथे मला कुणालाही विचारता येणार नाही.