‘नागपुरात बसून’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या मागच्या लेखाला काल रात्री एक प्रतिक्रिया आली, खाली नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. तीन मुद्दे आणि एक टोमणा. मुद्दे असे की चीनच्या आकड्यात मी प्लग-इन हायब्रिड (चार्जही होणाऱ्या आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्या) मिसळल्या, नव्या गाड्यांची विक्री आणि रस्त्यावरच्या एकूण गाड्या यात घोळ घातला, आणि गाडी चार्ज करायला लागणाऱ्या विजेसाठी नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात जळणारा कोळसा मला दिसत नाही. टोमणा जसाच्या तसा देतो: ‘नागपुरात बसून नॉर्वेचे आकडे फेकायला काय जातं?’

चीनचं मान्य. 2024 मध्ये तिथे विकलेल्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या इलेक्ट्रिक, हे मी लिहिलं पण त्यात प्लग-इन हायब्रिड धरल्यात हे लिहायचं राहिलं. दुरुस्त केलंय. आता मोठ्या मनाने चूक कबूल केली म्हणून तुम्हीही जरा ऐका.

नागपुरात बसून म्हणजे काय हो साहेब? मग कुठे बसून लिहायचं, ऑस्लोत? मी नॉर्वेला गेलो नाही, हे खरंय, पण मे 2017 मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सीचा मोठा प्रयोग याच शहरात सुरू झाला, 200 गाड्यांचा, आणि त्या टॅक्सीत मी बसलोय. एअरपोर्टपर्यंत ड्रायव्हरभाऊचा एक डोळा रस्त्यावर आणि एक बॅटरीच्या टक्क्यांवर. तेव्हा तुम्ही कुठे होते, सांगा ना.

आणि तीन वर्षांपासून माझी स्वतःची इलेक्ट्रिक गाडी आहे, भर उन्हाळ्यात, 46 डिग्रीत चालवतो. सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला आठ महिने लावले, तोवर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडायचो, खालच्या काकूंच्या तुळशीला घासून यायची म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. रात्री अकराला वायर सोडायची आणि सकाळी पेपरवाला यायच्या आत वर ओढायची. हे ज्याने केलंय त्याला ‘नागपुरात बसून’ म्हणून राहिले तुम्ही!

बरं, आकडे फेकले म्हणता, तर का दिले तेही वाचलं असतं. नॉर्वेत 2024 मध्ये नव्या गाड्यांपैकी 88.9 टक्के इलेक्ट्रिक, आणि यात हायब्रिड नाही, निव्वळ बॅटरीवाल्या. कारण काय, तर पेट्रोल-डिझेल गाडीवर जबर कर आणि इलेक्ट्रिकला वर्षानुवर्षं माफी, 25 टक्के व्हॅटसुद्धा 2022 संपेपर्यंत पूर्ण माफ होता. म्हणजे सगळा खेळ कराचा, नुसत्या श्रीमंतीचा नाही. जर्मनीने डिसेंबर 2023 मध्ये सबसिडी एका झटक्यात बंद केली आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रिकची विक्री चौथाईहून जास्त पडली. जर्मन माणूस काय एका वर्षात गरीब झाला? आणि श्रीमंतीचंच असेल तर नेपाळ बघा, तिथे आता आयात होणाऱ्या नव्या चारचाकींमध्ये इलेक्ट्रिकच जास्त. आपल्याकडे 2024 मध्ये लाखभर इलेक्ट्रिक कार विकल्या, एकूण कारच्या अडीच टक्केसुद्धा नाही. तुलना करायची नाही तर काय आरती ओवाळायची?

विक्री आणि रस्त्यावरच्या गाड्या हा फरक मला कळतो. नॉर्वेत सप्टेंबर 2024 मध्ये रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोलवाल्यांपेक्षा जास्त झाल्या. डिझेलच्या तेव्हाही जास्त होत्या, पण ते सोडा.

कोळशाचं म्हणाल तर माझ्या वडिलांनी 31 वर्षं बॉयलरवर काढली, त्यामुळे कोळशाचं मला शिकवू नका. नॉर्वेची वीज पाण्यावर होते हे लेखात होतं, दुसऱ्या परिच्छेदात, तिथवर पोचले असते तर दिसलं असतं.

असो, जरा तिखट झालं. प्रतिक्रिया डिलीट करत नाही, राहू देतो. पुढच्या वेळी नाव टाका फक्त.