विलायतेत जाऊन उपाशी कसे राहावे?

उन्हाळी सुट्टीत इंग्लंडला निघालेल्या माझ्या समस्त मराठी बांधवांना आणि भगिनींना चार अनुभवसिद्ध सूचना द्याव्यात, असे गेल्या रविवारपासून मला फार तीव्रतेने वाटू लागले आहे. गेली सतरा वर्षे मी लीड्समध्ये राहते, त्यामुळे हा अधिकार मला आहे असे मी गृहीत धरते.

सर्वप्रथम मत बनवावे आणि मगच विमानाचे तिकीट काढावे. ‘इंग्रजांचे जेवण म्हणजे सगळे उकडलेले आणि अळणी’ हे एकदा मुंबईतच पक्के झाले, की तेथे गेल्यावर काही खाऊन पाहण्याचे कष्ट वाचतात.

तेवीस किलो सामानापैकी अकरा किलो ठेपले, चिवडा, मेतकूट आणि लसूण-खोबऱ्याच्या चटणीला द्यावेत.

उतरल्यावर रेल्वे स्थानकावरचे पुठ्ठ्याच्या त्रिकोणी खोक्यातले गारढोण सँडविच विकत घ्यावे आणि त्या एका सँडविचवरून साऱ्या राष्ट्राचा निकाल लावावा. एखाद्या इंग्रजाने एसटी स्थानकातली रात्री अकराची पातळ भाजी खाऊन महाराष्ट्राबद्दल असेच मत दिले, तर मात्र त्याला आपली संस्कृती कळली नाही असे म्हणावे.

न्याहारीला किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा, समोर आला की नाकाला रुमाल लावावा. आपल्या बॅगेत सुके बोंबील आहेत हे तेवढ्यापुरते विसरावे.

‘मसाल्यांसाठी जग लुटले आणि वापरायचे मात्र विसरले’ हा विनोद जेवणाच्या टेबलावर निदान दोनदा सांगावा. वूस्टरशायर सॉसमध्ये चिंच असते, आपली खिचडी तेथे धुरी दिलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी घेऊन ‘केजरी’ या नावाने नांदते, किंवा लंडनमध्ये शेख दीन महंमद यांनी 1810 सालीच हिंदुस्थानी जेवणाचे उपाहारगृह काढले होते, असल्या तपशिलांनी विनोद बिघडतो. फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांनीही 2005 च्या जुलैमध्ये इंग्रजांच्या जेवणाची अशीच टर उडवली होती, हे जोडून द्यावे. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पॅरिसला मागे टाकून 2012 चे ऑलिंपिक लंडनने पटकावले, हे जोडू नये.

हे जेवण असे का झाले, हे चुकूनही विचारू नये. विचारले तर कोणीतरी सांगेल, की जानेवारी 1940 मध्ये लोणी, साखर आणि बेकन रेशनवर गेले आणि मांसावरचे रेशन उठायला 4 जुलै 1954 उजाडला. युद्ध चालू असताना मोकळा असलेला पाव युद्ध जिंकल्यावर, 1946 ते 1948, रेशनवर आला. आणि सरकारने दूध एकाच ठरावीक चीजकडे वळवल्यामुळे गावोगावची शेतघरातली चीजे बंद पडली. साडेचौदा वर्षे रेशनवर संसार केलेल्या बाईने मुलीला कोणता स्वयंपाक शिकवायचा? युद्धाच्या दिवसांत तेथे आलेल्या लाखो अमेरिकन सैनिकांनी नेमके तेच ताट पाहिले आणि तीच कीर्ती घरी नेली. आपण सत्तर वर्षांनंतरही तीच उगाळावी.

आता मुख्य सूचना. यजमानीणबाईंनी रविवारचा रोस्ट करायला घेतला, की स्वयंपाकघरात जाऊन उभे राहावे. माझ्या यजमानांचे आत्येभाऊ सपत्नीक आले होते. मी सकाळी आठपासून उभी होते. मेंढीच्या मांडीला सुरीने चिरा पाडून प्रत्येक चिरेत लसणाची पाकळी आणि रोझमेरीची काडी खोचली होती. बटाटे अर्धवट उकडून, पातेल्यात हलवून त्यांच्या कडा खरबरीत केल्या होत्या, कारण त्याशिवाय तापलेल्या चरबीत त्यांना कुरकुरीत पापुद्रा येत नाही. यॉर्कशायर पुडिंगचे (हे गोड नव्हे, रोस्टबरोबर खायचे, अंडी-दूध-मैद्याचे फुगवलेले वाटीसारखे) पीठ धूर निघणाऱ्या तेलात ओतले आणि सर्वांना बजावले, की ओव्हनचे दार वीस मिनिटे उघडायचे नाही. बाराव्या मिनिटाला भावोजींनी ते उघडले. का, तर म्हणे, ‘‘वहिनी, फोडणीचा वास कसा येत नाही?’’ टोपलीसारखी फुगलेली बाराच्या बारा पुडिंगे माझ्या डोळ्यांदेखत बसली! तरीही मी हसत वाढले. त्यांनी घास तोंडात घालण्याआधी, चव घेण्याआधी, पिशवीतून चटणीची बरणी काढून साऱ्या ताटावर ती पेरली, त्याचा फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला: ‘आज कडक उपास.’ खाली अठरा हसरे चेहरे आले. त्यांतला एक माझ्या सख्ख्या सासूबाईंचा होता.

तिखट हवे होते, तर शेजारीच इंग्लिश मोहरी ठेवली होती. सुरीच्या टोकावर जेवढी राहते तेवढीही थेट नाकातून टाळूला भिडते. पण ती मागायला आधी ती असते हे ठाऊक हवे ना!

आणि अळणी कशाला म्हणता हो? आपले साधे वरण काय असते? डाळ, हळद, हिंग, मीठ, गुळाचा खडा. वर तूप आणि लिंबू. ते ‘सात्त्विक’ आणि लोण्यातला बटाटा तेवढा ‘आजाऱ्याचा’? त्यांच्या पुदिन्याच्या सॉसमधल्या साखरेला तुम्ही हसता. तुमच्या पुण्याच्या आमटीतल्या गुळाला कोल्हापूर हसते आणि सावजीच्या पहिल्या घासाला तुमच्याच डोळ्यांतून पाणी येते, हे नागपूरच्या लग्नात मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा तुम्ही दही मागितले होते, भावोजी, आणि कोणीही तुमचा फोटो काढला नव्हता.

नाही आवडले तर नाही आवडले म्हणा. मलाही पहिली दोन वर्षे मार्माइट, म्हणजे पावाला लावायचा यीस्टचा खारट काळा लेप, गिळवले नाही आणि आजही ब्लॅक पुडिंगला, म्हणजे रक्ताच्या सॉसेजला, मी हात लावत नाही. पण निदान चाखा तरी! कोणी चार तास राबून तुमच्यापुढे ताट ठेवते, त्यावर न चाखता मसाला टाकणे याला चोखंदळपणा म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात. तुमच्या घरी पुरणपोळीवर कोणी टोमॅटो केचप ओतले असते, तर तुम्ही त्याला पुन्हा उंबरठा चढू दिला असता का?

तुमची बरणी आमच्या फ्रिजमध्ये राहिली आहे. ती कुरिअरने पाठवली जाणार नाही. मुरलेल्या चेडर चीजच्या जाड तुकड्यावर ती चटणी फार सुरेख लागते आणि तळाशी आता दोनच चमचे उरली आहे.