नम्रता दिसली पाहिजे!

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण आटोपला तरी धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पवित्र आठवड्याचे फोटो अजून पडतच आहेत. ते बघून तुमच्याही मनात सेवेची ऊर्मी दाटून आली असेल. आलीच पाहिजे. ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय. यातलं ‘मोठं व्हायचंय’ एवढं तुम्हाला आधीपासून पटलेलं आहेच, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी या चार सूचना. अनुभवातून लिहिल्या आहेत. अनुभव माझा नाही, आमच्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीचा आहे.

सगळ्यात आधी फ्लेक्स. सेवा कोणती करायची हे मागाहून ठरवलं तरी चालतं, पण फ्लेक्सवाल्याकडे चार दिवस आधी जावं लागतं, कारण सणासुदीला तिथे राजकीय मंडळींची रांग असते. वर ‘ख्रिस्ताच्या प्रेमाने प्रेरित होऊन’ हे ठळक अक्षरांत. खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि ज्यांच्या सौजन्याने केळी आली ते बिल्डर. ख्रिस्त डाव्या कोपऱ्यात, जिथे इतरांचे पक्षश्रेष्ठी असतात तिथे. सगळ्यांनी हात जोडलेले असावेत. मात्र मनगटावरचं घड्याळ झाकलं जाणार नाही, इतपतच.

मग गरजू शोधायचा. इथे लोक घाई करतात आणि फसतात. सगळेच गरजू सेवेच्या लायकीचे नसतात. चांगला गरजू म्हातारा असतो, त्याची आंघोळ झालेली असते, तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि उलटून काही विचारत नाही. राहायला तो लांब असलेला बरा. शेजारचा दारुडा घेऊ नये, कारण तो उद्याही शेजारीच असणार. आणि सातबाऱ्यावर नाव मागितलं म्हणून जिच्याशी बोलणं टाकलंय, त्या सख्ख्या बहिणीच्या तर वाटेलाच जाऊ नये. तिची सेवा करायची म्हणजे हिस्सा द्यायचा, आणि हिस्सा देतानाचा फोटो काही छान येत नाही.

उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं बायबलातल्या शुभवर्तमानात आहे. काळजी नको. डावा हात मोबाइल धरण्यात गुंतलेला असतो.

वृद्धाश्रमाला नाताळातच जावं. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सगळे युवक गट, सगळी महिला मंडळं आणि सगळे वॉर्ड तिथेच असतात, तेव्हा तुम्हीही तिथेच असलं पाहिजे. आज्यांनी सकाळी एकांचा केक खाल्लेला असतो, दुपारी दुसऱ्यांचा, संध्याकाळी तुमचा. निम्म्या जणींना मधुमेह आहे हे सिस्टर तुम्हाला हळूच सांगतील. तिकडे लक्ष देऊ नका, सांताक्लॉजचा ड्रेस तासाच्या भाड्याने आणलेला असतो. जानेवारीत जाण्याचं काही कारण नाही. जानेवारीत त्यांची नखं वाढतात, चादरी ओल्या होतात, एखादी रात्रभर मुलाच्या नावाने हाका मारते. ते सगळं सिस्टर बघतात. इतकी वर्षं बघताहेत, म्हणजे त्यांना आवडतच असणार.

संत कुठला घ्यावा? वसईकरांना प्रश्नच नाही. संत गोन्सालो गार्सिया. इथे जन्मलेला, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारलेला, १८६२ साली संत जाहीर झालेला आपला माणूस. मिरवणूक काढा, बँड लावा, भाषणात ‘आपल्या मातीतला’ हा शब्द तीनदा आला पाहिजे. चरित्र मात्र वाचत बसू नका, घोटाळा होतो. कारण हा गृहस्थ धर्मगुरू झालाच नाही. व्यापारात जम बसला होता, ते सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संन्याशांमध्ये शिरला आणि मरेपर्यंत साधा ब्रदर राहिला. जपानात काम काय, तर दुभाष्याचं. म्हणजे मोठं बोलायचं दुसऱ्याने, आणि याने ते लोकांपर्यंत पोचवायचं. ज्यांच्याबरोबर तो तिथे राहिला त्या मंडळींनी क्योटोत महारोग्यांसाठी इस्पितळ चालवलं. असा माणूस आज आमच्या कौन्सिलवर निवडून आला असता का, याचा विचार मी रात्री दिवा मालवल्यावर करतो. खुर्च्या लावायला नक्की बोलावला असता.

सभेत स्वतःला ‘हा अल्पसा सेवक’ म्हणावं. बसायला पहिली रांग.

आता पाय धुण्याचा विधी. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, फादर बारा जणांचे पाय धुतात तो. नम्रतेच्या शास्त्रातलं हे सगळ्यात वरचं प्रकरण, म्हणून सविस्तर सांगतो.

मूळ प्रसंगात बऱ्याच उणिवा आहेत. बाकीची तीन शुभवर्तमानं शेवटच्या भोजनातली भाकर आणि प्याला सांगतात. योहान ते सांगत नाही, त्याऐवजी तो हे सांगतो. प्रभू जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. त्या काळी हे घरातल्या शेवटच्या गुलामाचं काम. म्हणून तर पेत्र ओरडला, की माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. नियोजन शून्य. सूत्रसंचालन नाही, यादी नाही, आणि पंगतीला यहूदा बसलेला. विश्वासघात करणार हे ठाऊक असून त्याचेही पाय धुतले. आमच्या कौन्सिलने यादी केली असती तरी यहूदा तिच्यात असताच म्हणा. पैशाची पिशवी त्याच्याकडे होती, खजिनदार म्हणून पहिला मान त्याचा.

पूर्वी या विधीला बारा पुरुषच लागत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३च्या पवित्र गुरुवारी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते. पुढे २०१६ साली त्यांनी नियमच बदलला आणि बायकांनाही विधीत घेता येऊ लागलं. या बदलातून आमच्याकडे एवढंच निष्पन्न झालं, की यादीत ‘ज्येष्ठ महिला प्रतिनिधी’ नावाचा एक रकाना वाढला. तुरुंग वगैरे आमच्या हद्दीत येत नाही. बाकीचे रकाने नेहमीचे: माजी नगरसेवक, निवृत्त बँक मॅनेजर, हॉलच्या एसीचे देणगीदार, देणगीदारांचे व्याही.

यंदा त्या वाढीव रकान्यात माझी आई होती.

आदल्या दिवशी फोन आला. ‘‘मावशींना लाल लुगडं नेसवा, स्क्रीनवर उठून दिसतं.’’ नेसवा काय? ती दर रविवारी तेच नेसून येते, शेवटच्या बाकावर बसते, आजवर तुम्हाला दिसली नाही. ‘‘आणि पाय जरा नीट धुऊन आणा. टाचांना व्हॅसलिन लावा, क्लोजअप आहे.’’

पाय धुवायचे आहेत म्हणून पाय धुऊन या! बरं, ही सूचना समजा. धुतलेले पाय धुण्याची सोय अशी की पाणी गढूळ होत नाही, रुमाल मळत नाही आणि धुणाऱ्याला वास येत नाही. पण टाचांना व्हॅसलिन? आईच्या टाचांना भेगा आहेत. जन्मभर अनवाणी वाडीत आळ्यांना पाणी लावलं, डोक्यावर केळीचे घड वाहिले, पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन दादर गाठलं. त्या पैशांतून दर वर्षी देवळाची वर्गणी दिली. तिची पावती अजून ट्रंकेत आहे, दाखवू? त्या टाचा तुमच्या क्लोजअपमध्ये वाईट दिसतात? दिसू द्या की वाईट! पाय धुण्याचा विधी आहे ना हा? की पावडर-लाली लावायचा?

असो. सूचना देतो आहे, चिडता कामा नये.

तर विधी. फादर तरुण आहेत, मनापासून वाकले, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी आईचा उजवा पाय हातात घेतला, पाणी ओतलं, आणि फोटोग्राफर म्हणाला, ‘‘फादर, एक मिनिट, तसाच धरा. आजी, वर बघा. आजी, हसा.’’ आई हसली नाही. तिचा गुडघा वर्षानुवर्षं धरलेला आहे, पाय असा अधांतरी राहिला की कळ थेट कमरेत जाते. मग लाइव्हवाल्या पोराने हात हलवला. नेटवर्क गेलं होतं, कॅनडावाल्यांना दिसलं नाही, परत घेऊ या. परत! शुभवर्तमान वाचून झालंय, पुढे मिस्साची उपासना चालू आहे, आणि प्रभूच्या नम्रतेचा रीटेक घेताय? उपाध्यक्षांनी मान डोलावली आणि म्हातारीचा पाय पुन्हा वर गेला. फादर काहीतरी पुटपुटले, पण त्यांच्या गळ्यातला माइक तेवढ्यापुरता बंद होता.

घरी येऊन मध्यरात्रीपर्यंत तिचा गुडघा शेकला. फादरना बोलू नकोस, एवढंच ती म्हणत होती.

अजून एक. त्या दुसऱ्या खेपेला पाणी फरशीवर सांडलं. देवळाची झाडलोट करणाऱ्या ताई फडकं घेऊन पुढे आल्या, गुडघ्यावर बसून पुसायला लागल्या, कारण पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या आहेत, कोणी घसरून पडलं तर? त्यांना कौन्सिलच्या एका सभासदाने चुटकी वाजवून सांगितलं, ‘‘बाई, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.’’

मी तिसऱ्या बाकावर होतो. चुटकीचा आवाज ऐकला.

मिस्सा संपल्यावर मी एका पदाधिकाऱ्यांना गाठलं. ते रागावले नाहीत, नम्रपणे हसले. म्हणाले, ‘‘अहो, फोटोंमधून इतरांना प्रेरणा मिळते. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असं प्रभूच म्हणतो.’’ म्हणतो ना. पण ते वाक्य तिथे संपत नाही. लोकांनी तुमची सत्कर्मं बघून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा, असं पुढे आहे. पित्याचा, उपाध्यक्षांचा नव्हे. आणि प्रेरणेचं म्हणाल, तर इतकी वर्षं फोटो टाकताय, ते बघून सोमवारी सकाळी कुणाच्या घरी बेडपॅन उचलायला एक माणूस गेलाय का? एकाचं नाव सांगा. फोटो बघून लोक अंगठा दाखवतात, हात जोडल्याची चित्रं टाकतात, आणि पुढच्या वर्षीच्या बारांत आपलं नाव कसं लागेल याची चौकशी करतात. तीच तुमची प्रेरणा.

सूचना अजून होत्या. आभारप्रदर्शन सेवेपेक्षा लांब असावं, शाल कुणाला आणि नुसता नारळ कुणाला, वगैरे. जाऊ दे. मला आता ही थट्टा रेटवत नाही.

सरळ सांगतो. तुम्ही जे करताय ती सेवा नाही. तो तुमचा सत्कार आहे, आणि त्यासाठी तुम्ही दुसऱ्यांचे पाय वापरताय. पवित्र गुरुवारी बारा पाय धुवायचे आणि शुक्रवारपासून चपला घालून आहात तिथेच, असं प्रभूने सांगितलेलं नाही. मी तुमचे पाय धुतले तसे तुम्हीही एकमेकांचे धुवावेत, हे त्याने जेवणाच्या पंगतीत सांगितलं. त्याआधी कुणाच्या टाचा बघितल्या नाहीत.

आपल्याच धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. मुलं आखातात नाहीतर कॅनडात, घरात ऐंशीच्या घरातला नवरा ऐंशीच्या घरातल्या बायकोला उचलून कुशीवर वळवतो. कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायला माणूस नाही. कुणाचं रेशन अंगठा उमटत नाही म्हणून अडलंय, रांगेत बरोबर उभं राहायला कुणी नाही. एका घरात नुसतं जाऊन तासभर बसलात, तिथल्या थकलेल्या सुनेला तेवढा वेळ झोपू दिलंत, तरी पुरे. याला उपसमिती लागत नाही, ठराव लागत नाही. वास मात्र येतो. मळमळेल. तेव्हा पळून न येणं एवढंच करायचंय. फोन घरी ठेवून जा.

आणि हो, एलईडी स्क्रीनला पैसे निघाले, ते एका सभेत निघाले, मी सभेला होतो. झाडलोट करणाऱ्या ताईंचा पगारवाढीचा अर्ज मागच्या पावसाळ्यापासून ‘पुढील सभेत घेऊ’ म्हणून पडून आहे. सणाच्या आठवड्यात त्या रोज रात्री अकरापर्यंत देवळात होत्या, त्याचे जादा पैसेही दिलेले नाहीत. पुढची सभा येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आहे. तो विषय पहिला घ्या. मी येतोय.