हेडसेट लावणाऱ्यांना आधी पाठवा

डिस्पॅचर लोकांच्या, म्हणजे आणीबाणीचे फोन घेऊन मदत पाठवणाऱ्यांच्या, प्रशिक्षण परिषदेला जाऊन आले. कशी झाली म्हणून विचारलं की सगळे "मस्त झाली, खूप शिकायला मिळालं" म्हणून मोकळे होतात. मी जरा लांबण लावणार आहे, कारण या परिषदांबद्दल माझं एक मत पक्कं झालंय. ग्रुपवर टाकलं असतं तर लोकांनी अंगठा दाखवून पुढचा मेसेज वाचला असता.

मत असं की या परिषदांमध्ये खरा जीव असतो तो रेकॉर्ड केलेले कॉल ऐकण्यात. उद्घाटनं, दीपप्रज्वलनं, सत्कार यातलं काही नसलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही. आणि हे कॉल ऐकायला जे बसायला हवेत, ते नेमके तिथे नसतात. ते शिफ्टवर असतात.

आमच्या कामाबद्दल बाहेरच्यांचा समज असा, की फोन उचलायचा, पत्ता घ्यायचा, गाडी पाठवायची. सुरुवात तशीच होती. लंडनमध्ये १९३७ साली ९९९ हा आणीबाणीचा नंबर सुरू झाला, अमेरिकेत अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून १९६८ साली ९११ चा पहिला कॉल गेला. तेव्हा फोनवरच्या माणसाने मदत रवाना करायची, एवढंच अपेक्षित होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सॉल्ट लेक सिटीतल्या जेफ क्लॉसन या डॉक्टरांनी ठरावीक प्रश्नांची आणि सूचनांची कार्डं तयार केली. अशा प्रयत्नांतून फोनवरच्या माणसाचं काम बदललं. गाडी वाटेत असतानाच उपचार सुरू व्हायला लागले, आणि ते करणारे हात असतात कॉलरचे.

आता त्या सत्राबद्दल. पडद्यावर काही नाही, फक्त आवाज. एका बाईचा नवरा कोसळलाय. हृदय बंद पडलंय का हे ओळखायला आमच्याकडे मुख्य प्रश्न दोनच: शुद्धीवर आहे का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं की छाती दाबायला लावायची. कागदावर किती सोपं. पण ती बाई म्हणते, "श्वास आहे हो, घोरतायत ते." प्रशिक्षकांनी तिथेच टेप थांबवली आणि विचारलं, आता?

हॉलमध्ये जी वादावादी झाली, तेवढ्यासाठीसुद्धा यावं. निम्मे म्हणाले श्वास आहे तर कुशीवर वळवा. निम्मे म्हणाले दाबायला लावा. हृदय थांबल्यावर बऱ्याच जणांना काही मिनिटं आचके येतात, घोरल्यासारखा, मासा तडफडावा तसा तोंड उघडून घेतलेला श्वास. तो श्वास नसतोच, मेंदूच्या तळाकडून उमटणारी ती शेवटची धडपड असते. कॉलरला मात्र तो जिवंतपणाचा पुरावा वाटतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मग काय करायचं? त्या डिस्पॅचरने केलं तेच. "छाती वर आली की दर वेळी मला 'आता' म्हणा." एक 'आता' आला. मग इतका वेळ काहीच नाही, की हॉलमधले लोक खुर्चीत पुढे सरकले. डिस्पॅचरने लगेच दाब सुरू करायला लावले आणि स्वतः मोजायला लागली. मिनिटाला १०० ते १२०, निदान ५ सेंटिमीटर खोल. सीपीआरशिवाय, म्हणजे असे दाब न देता, जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते, हे आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. पण ते मिनिट कानाने ऐकणं वेगळं.

दुसरं सत्र किंचाळणाऱ्या कॉलरचं. एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच पट्टीत, कारणासकट पुन्हा पुन्हा म्हणायचं: "मला त्यांना मदत करायची आहे, म्हणून पत्ता सांगा." जोड्या करून सराव घेतला. शेजारचा एकजण म्हणाला, हे फार यांत्रिक वाटतं, समोरच्याला राग येईल. मला नाही पटलं. दर वेळी नवं वाक्य टाकलं की घाबरलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं, आणि आपण आवाज चढवला की तो आणखी चढवतो. "आम्हाला कार्ड लागत नाही, अनुभव आहे," म्हणणाऱ्या मुरलेल्या मंडळींशीही माझं इथेच वाजतं. अनुभव हवाच. पण पहाटे चारच्या कॉलला अनुभव पेंगत असतो, कार्ड पेंगत नाही.

प्रदर्शनाच्या दालनात सॉफ्टवेअर, मोठे नकाशे, बोललेलं आपोआप टाइप करणारी यंत्रं असं सगळं होतं. सगळ्यात जास्त गर्दी खुर्च्यांच्या स्टॉलवर. बारा-बारा तास बसणाऱ्यांची पारख म्हणायची.

मानसिक आरोग्याच्या सत्रावर मात्र मी चिडून बाहेर आले. दीर्घ श्वास घ्या, छंद जोपासा, स्वतःसाठी वेळ काढा. वेळ रोस्टर देतो का? अमेरिकेत पियर्स आणि लिली यांचा २०१२ मधला अभ्यास आहे. घटनास्थळी हजर नसतानाही कॉल घेणाऱ्याला आघात होतो आणि तो पुढे त्रास देऊ शकतो, असं त्यात दिसलं. तरी तिथल्याच सरकारी व्यवसाय-यादीत २०१८ च्या सुधारणेनंतरही आमचं काम कार्यालयीन आणि प्रशासकीय साहाय्याच्या गटातच राहिलं. म्हणजे कारकुनी.

आम्हाला खुपतं ते दुसरंच. पथक दारात पोचलं की कॉल तुटतो आणि पुढची घंटा वाजते. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही. त्या बाईच्या कॉलनंतर प्रशिक्षकांनी रुग्णालयातला शेवट सांगितला: नवरा वाचला, घरी गेला. टाळ्या वाजल्या. त्यानंतरच्या कॉलमधलं मूल वाचलं नव्हतं, तेही सांगितलं, आणि डिस्पॅचरने काहीही कमी केलं नव्हतं, हे टेप पुन्हा लावून दाखवलं. श्वासाच्या व्यायामापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला, असं माझ्यासकट अनेकांचं म्हणणं पडलं. शेवट कळवणं अवघड नाही. रुग्णालयाने पथकाला सांगायचं, पथकाने कंट्रोल रूमला. नावगाव नको, एक ओळ पुरे.

आणि हॉलमध्ये होतं कोण? विभागप्रमुख, खरेदीवाले, प्रशिक्षण अधिकारी. हेडसेट लावणारे मोजकेच. कारण ठरलेलं: माणसं कमी आहेत, कंट्रोल रूमचा फ्लोअर कोण चालवणार? अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण मग टेप तरी फ्लोअरवर आणा. आठवड्यातून अर्धा तास, एक कॉल, थांबवत थांबवत, कुणाला फासावर न चढवता.

पुढच्या वेळी यादी निघेल तेव्हा माझं नाव काढून आमच्या नाइट शिफ्टच्या मुलीचं घाला, असं मी लेखी दिलंय. रोस्टरची काळजी असेल तर तिच्या रात्री मी करते.